रिंगा बदलण्याआधी

मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही काय केलं मला माहीत नाही. कुणी ट्रेकला गेलं असेल, कुणी केटीचा अभ्यास केला असेल (निदान घरी तसं सांगितलं असेल). मी चार दिवस सोनईत आमच्या पडवीत मारुती ८०० खाली उताणा पडून होतो. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. परवा मेसमध्ये एकाने विचारलं, "काय रे, गॅरेजला लागलास काय?" तो हसला, आम्हीही हसलो. पण रात्री पडल्या पडल्या तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाचे हात काळे झाले तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

आधी गाडीची हकीकत सांगतो. आमची ८०० अण्णांनी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. मीटर होतं १ लाख ३८ हजार. गाडी जुनी, पण आमच्यासाठी ती चैनीची वस्तू नाही. आजीला महिन्यातून दोनदा नगरला (आता अहिल्यानगर) दवाखान्यात न्यावं लागतं, आणि एसटीची पायरी तिला चढवत नाही. गेल्या पावसाळ्यापासून गाडी निळा धूर सोडायला लागली. ऑईल तर पाण्यासारखं पिऊ लागली. चारशे किलोमीटरला एक लिटर! अण्णा डिकीत ऑईलचा कॅन ठेवूनच फिरायचे.

दोन ठिकाणी दाखवली. एकाने बॉनेट न उघडताच फुल इंजिन कामाचे अठ्ठावीस हजार सांगितले. दुसऱ्याने जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे: "नुसत्या रिंगा टाकून देतो. धूर बंद होईल. सहा महिन्यांत गिऱ्हाईक बघून काढून टाका." अण्णा घरी येऊन काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "तू एवढा शिकतोस, तू सांग. काय करायचं?"

खरं सांगू? घशाखाली घास उतरेना. आय.सी. इंजिनच्या पेपरात मला बऱ्यापैकी मार्क आहेत. पिस्टन रिंगची आकृती डोळे मिटून काढीन. वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगा, खालची ऑईल रिंग, कार्ये तीन: वायू अडवणे, उष्णता सिलेंडरच्या भिंतीकडे नेणे, ऑईल खरवडून खाली पाठवणे. पण आमच्या दारातल्या गाडीच्या रिंगा गेल्यात की नाही, हे मला सांगता येत नव्हतं!

मदतीला आला मामा. मामा ट्रॅक्टर मिस्त्री आहे. शिक्षण नववी. त्याने पहिली गोष्ट मला शिकवली ती अशी की धूर बघून इंजिन खोलायचं नाही, आधी विचारायचं. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन धूर येऊन नंतर थांबतो का? मग वॉल्व्ह सीलवर संशय. चढावर, जोर लावताना सतत येतो का? मग रिंगा आणि बोअर. नंतर इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, पेट्रोल आणि इग्निशन तोडलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला आणि कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्यात ११ किलो, दुसऱ्यात साडेदहा, तिसऱ्यात फक्त ७. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा बघितलं. काटा साडेदहावर गेला. ऑईलने रिंगेची फट थोडा वेळ बुजवली म्हणून प्रेशर वाढलं. वॉल्व्ह गळत असता तर ऑईलने फरक पडला नसता. एवढी साधी, एवढी सुंदर चाचणी! आणि ती मला नववी शिकलेल्या माणसाने अंगणात शिकवली.

आता कुणी म्हणेल, घरी इंजिन खोलणं हा काय वेडेपणा? पण आमच्या भागात हे नवं नाही. आमचे आबा विहिरीवरचं ऑईल इंजिन लिंबाखाली खोलायचे. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनचा कारखाना काढला आणि पुढे ती इंजिनं महाराष्ट्रातल्या मळ्यामळ्यांत गेली. वीज नव्हती तेव्हा ऊस त्यांनीच भिजवला. इंजिन बॅक मारायला लागलं, म्हणजे जळालेला वायू रिंगांमधून खाली चेंबरमध्ये शिरायला लागला, की शेतकरी स्वतः हेड उतरवून रिंगा बदलायचे. नगर जिल्ह्याला इंजिनाचं वावडं कधीच नव्हतं. एके काळी लुना बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगरचाच, आणि लष्कराची वाहनं तपासणारी व्हीआरडीई ही संस्थाही नगरजवळच. मग वावडं आलं कुठून? मला वाटतं, ते आपल्यासारख्यांच्या शिक्षणातून आलं. आपण आकृती काढणारे झालो, खोलणारे राहिलो नाही.

असो. गाडी स्टँडवर घेतली. (नुसत्या जॅकवर गाडी सोडून खाली झोपायचं नाही, हा मामाचा दुसरा धडा. जॅक सरकला तर इंजिन दुरुस्त करायला माणूस उरत नाही.) ऑईल, पाणी काढलं, टायमिंग बेल्ट सोडला, हेड उतरवलं, खालून चेंबर काढलं. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर नंबर टाकले, कारण एकीची टोपी दुसरीला चालत नाही. रॉडच्या बोल्टांना रबरी नळीचे तुकडे चढवले, म्हणजे पिस्टन वर ढकलताना क्रँकला ओरखडा पडत नाही. तिसऱ्या पिस्टनची ऑईल रिंग कार्बनमध्ये चक्क चिकटून बसली होती. हाताने हलेना. खाचा साफ करायला मामाने जुनी रिंग मोडून तिचाच तुकडा वापरला. खाचेत तंतोतंत बसणारं यापेक्षा स्वस्त हत्यार नाही.

आणि मग एक गोष्ट दिसली. चेंबरच्या कडेला पॅकिंगऐवजी वेगळ्याच रंगाचं सिलंट होतं. बोअरच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत. होनिंगच्या तिरप्या रेघा, ज्यात ऑईल धरून राहतं आणि ज्यांच्यावर नव्या रिंगा घासून बसतात, त्या कुठेच नाहीत. मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आरं, हिच्यात नुसत्या रिंगा टाकून तुमच्या गळ्यात मारलीय."

म्हणजे आपल्याला दिला गेलेला सल्ला आमच्या आधी कुणीतरी पाळला होता! "गिऱ्हाईक बघून काढून टाका" मधलं ते गिऱ्हाईक आम्ही होतो. अण्णा चहा घेऊन उभे होते, त्यांनी ऐकलं. चहा तसाच ठेवून आत गेले.

इथे मला माझा मुद्दा मांडायचा आहे. नुसत्या रिंगा टाकणं हे नेहमीच चूक नाही. न मापता टाकणं चूक आहे. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, पिस्टनने खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजायची. ढोबळ नियम असा की बोअरच्या प्रत्येक मिलीमीटरला ०.००३ ते ०.००४ मिमी फट. ८०० चा बोअर ६८.५ मिमी, म्हणजे ०.२ ते ०.२७ मिमी. आम्ही बोअरच्या तळाशी, जिथे रिंग घासत नाही, तिथे मोजली: ०.२२. मग वरती, जिथे झीज सगळ्यात जास्त, तिथे. पहिल्या सिलेंडरमध्ये ०.३१, तिसऱ्यात ०.५०. आता शाळेतलं गणित. परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास. फट जेवढी वाढली तिला ३.१४ ने भागा, व्यास किती वाढला ते मिळतं. पहिल्यात जेमतेम ०.०३ मिमी. तिसऱ्यात ०.०९. झीज ०.१० च्या पुढे गेली की रिबोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकावा, असा साधारण दंडक. म्हणजे तिसरा सिलेंडर उंबरठ्यावर उभा!

शिवाय या पद्धतीने टेपर कळतो, बोअर अंडाकृती झालाय का ते कळत नाही. त्यासाठी बोअर डायल गेज लागतो. तो सोनईत आमच्याकडे नव्हता. तो कुठे आहे माहीत आहे? आपल्या मेट्रॉलॉजी लॅबच्या कपाटात. कुलुपात. मी त्याची आकृती जर्नलमध्ये काढली आहे आणि निरीक्षणांचा तक्ता सीनिअरच्या जर्नलवरून उतरवला आहे. खोटं कशाला बोलू?

अण्णांनी पुन्हा विचारलं, "मग काय करायचं?" रिबोअर करायचा तर सगळा ब्लॉक उतरवून नगरला न्यायचा, तीन पिस्टन नवे, खर्च तिप्पट. उसाचं बिल यायचं होतं, आणि पुढच्या बुधवारी आजीची तारीख. मी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "मी सांगणार नाही. इंजिनिअर तू हायस." आयुष्यात कुठल्याही ओरलला एवढा घाम फुटला नसेल.

मी सांगितलं: होनिंग करू, रिंगा टाकू, वॉल्व्ह सील बदलू, आणि तिसऱ्या सिलेंडरचं माप वहीत लिहून ठेवू. वर्षभरात ऑईल पुन्हा वाढलं तर रिबोअर. आणि गाडी कधी विकली तर ती वही घेणाऱ्याच्या हातात द्यायची. अण्णा एवढंच म्हणाले, "हे बरोबर आहे."

मग क्रँकवर ऑईलचं फडकं झाकून ड्रिल मशीनला होन लावला आणि तिरप्या रेघा काढल्या. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने बोअर पुसला, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. रॉकेलने होनिंगची बारीक कच निघत नाही, आणि राहिली तर नव्या रिंगा तीच खाते. लगेच ऑईल लावलं. रिंगांची खूण वरच्या बाजूला, तिघींच्या फटी तीन दिशांना. एक रिंग हाताने चढवताना माझ्याकडून मोडली. बीडच ते, वाकत नाही, तुटतं. एका रिंगेसाठी दुसरा सेट आणावा लागला. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटून फट पडली होती, तीही बदलली. ऊसतोडीच्या दिवसांतली आमच्याकडची धूळ त्या फटीतून आत जाणार असेल तर सोन्याच्या रिंगा टाकूनही उपयोग नाही.

बुधवारी आजी गाडीनेच नगरला गेली. कॉम्प्रेशन आता १२, १२ आणि ११. पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑईल बदललं. त्यानंतर दोन हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर टाकावं लागलं. मोडलेला सेट धरून खर्च नऊ हजारांच्या आत. इंजिन नवं झालं असा माझा दावा नाही. तिसरा सिलेंडर अजून उंबरठ्यावरच आहे.

यावर काही मित्र म्हणतात, जुन्या गाड्या जगवायच्या कशाला? प्रदूषण करतात, भंगारात द्या. मुद्दा खरा आहे. ऑईल जाळणारी गाडी मागच्याच्या नाकात धूर सोडते आणि स्वतःचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करते. म्हणूनच तर ती दुरुस्त करायची! ८०० चं उत्पादन १९८३ ला सुरू झालं, २०१४ ला थांबलं. पण ज्यांच्या दारात ती अजून उभी आहे त्यांना नवी घेणं परवडत नाही. ते एक तर धूर सोडत फिरणार, नाही तर नुसत्या रिंगा टाकून पुढच्याच्या गळ्यात मारणार. मधला रस्ता दाखवणारं कुणीतरी हवं. दुसरे म्हणतात, आता सगळं इलेक्ट्रिक होणार, रिंगा शिकून काय करायचं? होऊ दे. मोटार आली तरी तिलाही मोजूनच दोष शोधावा लागेल.

म्हणून विभागातल्या सरांना आणि मॅडमना नम्र विनंती. आपल्या लॅबमध्ये लाल-निळा रंग दिलेलं कापलेलं इंजिन आहे, ते छानच आहे. पण ते झिजलेलं नाही, आणि त्यातून काही ठरवावं लागत नाही. भंगारातलं एक चालून थकलेलं इंजिन आणा. प्रत्येक बॅचला एक सिलेंडर द्या. आकृती मागू नका. मापं मागा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: रिंगा, रिबोअर की भंगार? कारणासह. मापं प्रत्येक सिलेंडरची वेगळी येतील, त्यामुळे कॉपी करायची सोयच राहणार नाही. रिंगा मोडतील, त्याचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरू. आणि जमलं तर वर्षातून एक दिवस माझ्या मामासारख्या एखाद्या मिस्त्रीला बोलवा. पाहुणे व्याख्याते म्हणून, हार-नारळ देऊन.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी एवढंच: पुढच्या सुट्टीत घरची गाडी, मोटारसायकल, पंप, जे काही धूर सोडत असेल ते खोलू नका. आधी मोजा. कॉम्प्रेशन गेज मी घेतला आहे, रूममध्ये आहे. न्या, पण वापरून पुसून परत आणा. आणि तोपर्यंत बोअर गेजच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, तेवढं विचारून ठेवा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल