उत्तनची होडी आणि हवाईची फळी

१/ हवाई बेटांवरील सरदार लाटांवर स्वार होण्यासाठी लाकडाची लांब फळी वापरीत. तिचे नाव ‘ओलो’. आखूड व पातळ फळी ती ‘अलाया’. आज जुनी नामांकित सर्फ-फळी लिलावात आली, तर संग्राहक तिच्यासाठी हजारो डॉलर मोजतात. आपल्या किनाऱ्यावर निकामी झालेली होडी मात्र लाकडाच्या भावाने जाते. हा फरक किमतीचा नाही, दृष्टीचा आहे.

२/ कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ साली या जलक्रीडेचे वर्णन लिहून ठेवले. पुढे परक्या रोगांच्या साथींनी हवाईची लोकसंख्या खचली, १८२० पासून मिशनरी आले आणि हा खेळ क्षीण होत गेला. काही फळ्या वाचल्या. त्यांतल्या काही होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात (स्थापना १८८९) जपल्या गेल्या.

३/ १९२०च्या दशकात टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूने त्या संग्रहालयातील जुन्या फळ्यांची दुरुस्ती केली. त्यांचा अभ्यास करून त्याने ओलोची प्रतिकृती घडवली आणि वजन घटवण्यासाठी तिला भोके पाडली. त्यातूनच त्याची पोकळ फळी जन्मली. जतन केलेल्या वस्तूने इथे नवा शोध घडवला.

४/ १९५०च्या दशकाअखेर फोम आला आणि बाल्सा लाकडाच्या फळ्या अडगळीत गेल्या. काही दशकांनी संग्राहक त्यांच्या शोधात निघाले. जाणता संग्राहक विचारतो: घडवली कोणी? लाकूड कोणते? डागडुजी कधी झाली? ओरखडा हा त्याच्या लेखी दोष नसतो. तो पुरावा असतो.

५/ आता भाईंदर पश्चिमेला या. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली ज्या धारावी किल्ल्यासाठी झुंज झाली, तो चौक येथे आहे. गडप्रेमी तिथे आवर्जून जातात. पाली, उत्तनच्या किनाऱ्यावरील होड्या मात्र त्यांच्या छायाचित्रांत केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतात.

६/ वास्तविक, होडी हाही एक दस्तऐवज आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळे रोवून बोंबील धरायचा, तर नाव कशी असावी, याचे उत्तर तिच्या आकारात असते. गावचा सुतार कागदी आराखड्याविना, नजरेने आणि दोरीने माप घेत तळाचा कणा, नाळ व फळ्या जुळवी. सांध्यांत कापूस ठासला जाई. लाकडाला तेल पाजले जाई. हे शास्त्र पुस्तकात नव्हते, हातात होते.

७/ स्वातंत्र्यानंतर इंजिने आली, शिडे उतरली. पुढे फायबर आले. त्याला देखभाल कमी लागते, चांगले सागवान महाग झाले आहे. कोळी बांधवाने फायबर निवडले, यात त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पोट चालवणाऱ्या माणसावर वारसा जपण्याचा भार एकट्याने टाकता येत नाही.

८/ दोष असलाच तर इतिहासप्रेमींचा. तलवार, तोफ, नाणे म्हणजे इतिहास. जाळे आणि वल्हे म्हणजे भंगार, ही उतरंड आपणच रचली. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘एचएमएस त्रिंकोमाली’ (१८१७) आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे डौलाने उभी आहे. युद्धनौकेला हे भाग्य लाभले. मचव्याला क्वचितच लाभते.

९/ हरवलेल्या ज्ञानाची किंमत काय असते? ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ पाहा. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचे जहाज पुन्हा उभारावे लागले, कारण मूळ आराखडा उरला नव्हता. केरळच्या पारंपरिक कारागिरांच्या हातात शिवणीची विद्या शिल्लक होती, म्हणून ते शक्य झाले. २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झाले. ते हातही नसते तर?

१०/ यावर आक्षेप असा की होडी म्हणजे फळी नव्हे; ती दिवाणखान्यात मावत नाही. हे खरे. शिवाय श्रीमंतांचा छंद कधी कधी घातकही ठरतो. होडी कापून उपाहारगृहाचा कट्टा सजवला, की आकार उरतो आणि अर्थ जातो. संग्रह म्हणजे सजावट नव्हे.

११/ म्हणून आधी नोंद, मग वस्तू. वृद्ध सुतारांच्या तोंडचे शब्द ध्वनिमुद्रित व्हावेत. मोडण्याआधी प्रत्येक होडीची मापे आणि छायाचित्रे घेतली जावीत. आणि किमान एक होडी, तिच्या डागडुजीच्या खुणांसह, किनाऱ्यावरच छपराखाली राहावी. तिची मालकी आणि कथन दोन्ही गावाकडे असावे. मासेमारीबंदीचे जून-जुलै हे दोन महिने, होड्या किनाऱ्यावर असताना, या कामास सोयीचे आहेत.

१२/ हवाईची फळी वाचली, कारण कोणीतरी ती जुनी होण्याआधीच तिला मोलाची मानले नव्हते, तरी फेकलेही नव्हते. उत्तनच्या लाकडी होडीला तेवढीच सवलत हवी आहे. पुढच्या वेळी धारावी किल्ला पाहून झाला, की वीस पावले खाली उतरावे आणि होडीची नाळ कोणी घडवली, एवढे तरी विचारावे. उत्तर देणारी माणसे अजून आहेत.