मोहाचे फूल आणि हिरवी परी

चैत्रात देवास वाहिल्या जाणाऱ्या दवण्याचा सुवास आमच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? त्याच दवण्याच्या कुळातील एक अतिशय कडू झुडूप युरोपात उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास ‘आर्टेमिसिया अब्सिन्थियम’ म्हणतात. हे झुडूप, बडीशेप आणि तिच्याच जातीचे ‘अ‍ॅनिस’ नामक बी ही मद्यार्कात भिजवून, भट्टीवर अर्क उतरवून जे हिरवट पेय निघते त्यास ‘अब्सिन्थ’ हे नाव आहे. फ्रान्सातील रसिकांनी त्यास ‘हिरवी परी’ असे लाडके नाव दिले, आणि पुढे त्याच फ्रान्साने त्या परीस राक्षसी ठरवून देशाबाहेर हाकलून दिले. नागपूरच्या वाचकांस या परदेशी पेयाचे काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु या परीच्या खटल्यात आमच्या मोहाच्या खटल्याचे प्रतिबिंब इतके स्पष्ट दिसते की, तो थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही.

हे पेय प्रथम औषध म्हणूनच लोकांपुढे आले. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरील खेड्यांत ते पोटदुखीवर घेत. १८०५ साली पेर्नो नावाच्या कारखानदाराने फ्रान्सातील पोंतार्लिये गावी त्याची मोठी भट्टी घातली. आणि १८३० नंतर अल्जीरियात लढणाऱ्या फ्रेंच शिपायांस ज्वरावर उतारा म्हणून ते देण्यात येऊ लागले. शिपाई घरी परतले ते ज्वर तेथेच टाकून, पण चटक बरोबर घेऊन. तशातच द्राक्षवेलींवर फायलोक्झेरा नावाच्या किडीची धाड आली, द्राक्षमद्य महाग झाले, आणि गरीब मजुराच्या हाती हे स्वस्त हिरवे पेय पडले. मान्यां नावाच्या प्रसिद्ध वैद्याने त्या कडू झुडपाचे शुद्ध तेल प्राण्यांस देऊन त्यांस झटके येतात असे दाखविले, आणि वेड लावणारी ती वनस्पतीच, असा सर्वत्र ग्रह झाला. १९०५ च्या ऑगस्टात स्वित्झर्लंडातील एका मजुराने आपल्या गरोदर बायकोस व दोन मुलींस गोळ्या घालून ठार मारले. त्या दिवशी त्याने अब्सिन्थचे दोन पेले घेतले होते, आणि त्यावर द्राक्षमद्य व ब्रँडी किती रिचविली होती याचा हिशेब मोठा होता. लोकांनी तो मोठा हिशेब सोडला व दोन पेले धरले. १९०८ साली स्विस जनतेने कौल दिला, १९१० पासून तेथे बंदी आली, आणि १९१५ साली, महायुद्ध चालू असता, फ्रान्सानेही तोच मार्ग धरला. या बंदीच्या चळवळीत मद्यनिषेधाचे प्रामाणिक पुरस्कर्ते होतेच. परंतु त्यांच्या खांद्यास खांदा लावून द्राक्षमद्याचे कारखानदारही उभे होते, ही गोष्ट विसरता कामा नये. एका मद्याने दुसऱ्या मद्यावर केलेली ती फिर्याद होती.

पुढे काय निष्पन्न झाले? बंदीपूर्व काळातील सीलबंद तेरा बाटल्या शास्त्रज्ञांनी उघडून तपासल्या. त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या ‘थुजोन’ नामक द्रव्यावर वेडाचा आरोप होता, ते दर लिटरमागे सरासरी पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. आज युरोपातील कायदा अशा पेयांत किलोमागे पस्तीस मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेतो. मद्यार्काचे प्रमाण मात्र शेकडा साठाच्या वर होते. म्हणजे माणसास बुडविणारे विष त्या वनस्पतीत शोधले गेले, आणि ते उघड्यावर, बाटलीभर, सर्वांच्या डोळ्यांदेखत होते! हलक्या दुकानांतून हिरवा रंग आणण्यासाठी तांब्याचे क्षार घालीत असत, तो अपराध वेगळाच. स्वित्झर्लंडने २००५ साली ही बंदी उठविली.

आता आमच्या घरी या. मोहाचे झाड फाल्गुन-चैत्रात फुलते; फुले रात्री गळतात आणि पहाट फुटण्यापूर्वी भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या रानांत टोपल्या घेऊन बायका-मुले झाडाखाली बसलेली असतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. त्याची भाकरी होते, लाडू होतात, दुष्काळात तेच अन्न होते, बियांचे तेल दिव्यास व जेवणास लागते. गोंडांच्या घरी देवापुढे आणि लग्न-मरणाच्या प्रसंगी मोहाच्या दारूची धार पडल्यावाचून कार्य पुरे होत नाही. असे हे फूल कायद्याच्या पुस्तकात प्रथम शिरले ते गुन्हेगार म्हणून. १८९२ साली मुंबई सरकारने ‘म्हौरा अ‍ॅक्ट’ नावाचा स्वतंत्र कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगणे अपराध ठरविले. प्रजेच्या आरोग्याची चिंता हे त्याचे कारण नव्हते. मक्तेदाराच्या भट्टीस घरच्या भट्टीची स्पर्धा होऊ नये आणि अबकारीचे उत्पन्न घटू नये, एवढाच त्या कायद्याचा आत्मा होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर खास कलमे राहिली, आणि तो कायदा पुढे विदर्भास लागू झाला. आदिवासींनी फुले वेचणे, साठविणे व नेणे यांवरील बंधने महाराष्ट्र शासनाने सैल केली ती २०२१ साली.

या इतिहासावरून कोणी असे समजू नये की, आम्ही दारूचे वकीलपत्र घेतले आहे. नागपूरची परंपरा वेगळी आहे. १९२० च्या काँग्रेस अधिवेशनानंतर दुसऱ्याच वर्षी या शहरात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाने याच राजधानीतून दारूबंदीचा कायदा केला. आणि २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो स्त्रिया चिमूरहून पायी चालत येथील विधिमंडळाच्या अधिवेशनावर येऊन धडकल्या. नवऱ्याच्या कमाईचा दिवसागणिक निचरा पाहणाऱ्या त्या बायकांस मोहाच्या वारशाचे कौतुक सांगावयास जाण्याची आमची तरी छाती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. कर्करोगाचे कारण म्हणून त्याची नोंद १९८८ सालीच झाली आहे. मोह असो की द्राक्ष, यकृतास त्याचा भेद कळत नाही.

तथापि या स्त्रियांच्या मागणीचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी झाली आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठविली; कारण, चोरटी दारू व तिच्याबरोबर वाढलेली गुन्हेगारी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, आणि तिच्यामागे गावोगावच्या स्त्रियांचे व कार्यकर्त्यांचे अखंड काम उभे आहे. एकाच कायद्याची ही दोन फळे. आमच्या मते भेद कलमात नसून मागे उभ्या राहणाऱ्या गावात आहे. जेथे पहारा केवळ शिपायाच्या काठीचा, तेथे बंदी म्हणजे नवा मक्ता होतो.

याउलट हल्ली दुसरीच लाट उसळत आहे. गोव्याच्या काजू-फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला; अनंतमुळाची मुळे घालून केलेली दुकशिरी तर पोटास उत्तम म्हणून आजही आवडीने मागितली जाते. मध्यप्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूस ‘वारसा-मद्य’ म्हणून रीतसर मान्यता दिली आणि ती गाळण्याचा अधिकार आदिवासी बचतगटांस दिला. ज्या हातांस पूर्वी बेड्या पडत, त्या हातांस आता परवाना मिळतो, हे न्यायाचेच आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्या शासनाचे अभिनंदन करतो. परंतु ‘वनस्पतिजन्य’, ‘नैसर्गिक’, ‘औषधी’ या तीन शब्दांनी शहरातील सुशिक्षित माणूस किती लवकर भुलतो हे पाहून भय वाटते. शंभर वर्षांपूर्वी वनस्पती घातली म्हणून पेय विषारी ठरले. आज वनस्पती घातली म्हणून तेच पेय निर्दोष ठरू पाहत आहे! दोन्ही वेळी मद्यार्क मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून मजा पाहतो.

आमच्या आयुर्वेदाचे आसव-अरिष्ट हेही या विवेचनातून सुटत नाहीत. धायटीची फुले घालून मुरविलेल्या द्राक्षासवात मद्यार्क आपोआप तयार होतो. वैद्याने सांगितलेल्या दोन-चार चमच्यांच्या मात्रेत त्याची चिंता नाही. पण जो गृहस्थ दारूस शिवत नाही असे सांगून आसवाची बाटली दोन दिवसांत संपवितो, त्याने वैद्यास फसविले नाही, स्वतःसच फसविले. अशा बाटल्या ओळीने विकल्या जात असता काय चालले आहे हे दुकानदारास कळत नाही, असे आम्हांस पटत नाही.

सर्वांत मोठा अपराध मात्र याहून निराळा आहे. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईस मालवणी भागात गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती कोणत्याही फुलाने मेली नाहीत. कारखान्यांत वापरावयाचा मिथेनॉल दारूत मिसळल्याने मेली. हा द्रव वासास व चवीस दारूसारखाच; पण शरीरात जाऊन त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टीची शीर जळते, आणि श्वास कोंडतो. धूसर दिसू लागताच रोग्यास इस्पितळात नेले तर प्रतिविष आहे, वेळ गेल्यावर नाही. धाकाने पिणारा आणि धाकाने गाळणारा यांच्या घरी ती वेळ बहुधा निघून जाते, कारण पोलिसाच्या भीतीने रोग्यास झाकून ठेवतात. इस्पितळात आलेल्या अशा रोग्यावर किंवा त्याच्या नातलगांवर पिण्याबद्दल खटला होणार नाही, असे शासनाने जाहीर करण्यास एक रुपयाही लागत नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर ते लिहिले जावे, अशी आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी ग्रामसभेसंबंधी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस एकाच कलमाखाली दोन अधिकार दिले आहेत: दारूबंदी करण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा, आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. ज्यांनी कायदा लिहिला त्यांस ह्या दोहोंचा संबंध कळला होता. ज्या गावास बंदी हवी त्याने करावी. ज्यास देवापुरती हवी त्याने तेवढीच ठेवावी. पण तो निर्णय स्त्रियांच्या उपस्थितीत व त्यांच्या मतानिशी व्हावा, आणि तो मंत्रालयातून किंवा भट्टीवाल्याच्या ओसरीवरून होऊ नये.

शेवटी आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. चैत्रात रोख पैशाची गरज असलेल्या आदिवासी बाईकडून मोहफूल पडेल भावाने घ्यावयाचे, कोठारात भरावयाचे, आणि आषाढ-श्रावणात तिच्याच गावास दीडपट-दुपटीने परत विकावयाचे, ही मध्य हिंदुस्थानातील जुनी रीत आहे; ती बेकायदा नसेल, पण तिचे समर्थन आम्ही करणार नाही. नागपुरातील कोणा व्यापाऱ्याने बचतगटाशी हंगामापूर्वी भाव ठरवून, फुले जाळ्यांवर वेचून स्वच्छ वाळविण्याच्या अटीवर खरेदी केली, आणि त्यांचा गूळ, मुरांबा, बिस्किटे असा माल शहरात विकावयास मांडला, तर झाडाखालचा पाला पेटवून देण्याची, व त्यातून रान पेटण्याची, रीतही हळूहळू सुटेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. वाहतुकीची जुनी अडचण २०२१ पासून बरीच दूर झाली आहे, आणि पुढचा हंगाम फाल्गुनात सुरू होतो.