टपालतिकिटाएवढे कार्ड

मराठीचा प्राध्यापक आणि यंत्रे यांचे गोत्र जुळत नाही, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे. तरीसुद्धा कन्येच्या स्नेहसंमेलनापूर्वी खिशातल्या कॅमेऱ्याचे कार्ड आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली. कारण उघड होते: घरात रिकामा मीच होतो!

भाजीवाली ज्याला कधी पैसा सोडत नाही, त्या मला पदपथावरच्या एका विक्रेत्याने ३२ जीबीचे कार्ड निम्म्या किमतीत दिले. “एवढं स्वस्त कसं हो?” हिने विचारले. “माणूस ओळखावा लागतो!” मी ऐटीत म्हणालो.

कन्येचा नाच चित्रफितींसकट उत्तम उतरला. पुढे संक्रांतीच्या सुमारास आम्ही इनामगावला मामांकडे गेलो. शिरूर तालुक्यातले, घोड नदीकाठचे हे गाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सुमारे तीन हजार वर्षांनी तिथेच सापडला. पोरवयात मामांनी त्या खोदकामावर घमेली वाहिली होती. पांढरीच्या टेकाडावर उभे राहून ते एकेक जागा दाखवू लागले.

“तवा फोटू काढत्यात म्हटलं की मी लाजून मागं सरायचो. आता काढा, भाचेराव. पटका दिसू द्या.”

मी पन्नासएक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक फोटो स्वच्छ दिसत होता. मामांनीही पाहिले आणि खूश झाले.

घरी येऊन संगणकावर पाहतो, तो नाच सगळा हजर. इनामगावच्या जागी नुसत्या करड्या चौकटी. माझ्या एका विद्यार्थ्याने उलगडा केला. कार्ड मुळात ४ जीबीचे. आतली नोंद बदलून ते ३२ असल्याचे कॅमेऱ्याला भासवले होते. खरी जागा संपल्यावरही ते फोटो घेतच राहिले, पण ठेवले कुठेच नाहीत. पडद्यावर दिसले ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मरणातले.

पुन्हा जाऊ, असे म्हणत राहिलो. श्रावणात मामा गेले. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. त्यात पटका नाही.

तेव्हापासून मी कार्डाच्या बाबतीत घरात फार छळवादी झालो आहे. कॅमेऱ्यावर नुसते एसडी लिहिले असेल तर त्याला २ जीबीपर्यंतचेच कार्ड चालते. २००६ पासून आलेले एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्यापुढचे एसडीएक्ससी. जुन्या कॅमेऱ्याला नवे मोठे कार्ड दिले, तर तो ते ओळखतच नाही. इंग्रजी ‘सी’च्या पोटात १० हा आकडा असला, की सेकंदाला किमान १० एमबी लिहून होते, चित्रफितीला तेवढा वेग बरा. एका मोठ्या कार्डापेक्षा ८ जीबीची दोन मला अधिक भरवशाची वाटतात. पण ती बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावीत, आणि कार्ड एकदा काठोकाठ भरून पहिल्यापासून शेवटपर्यंतचे फोटो संगणकावर उघडून पाहावेत. मगच ते घेऊन गावाला जावे.

परवा नवे कार्ड आणले आणि छताच्या पंख्याचे फोटो काढत बसलो. रात्रीचे अकरा वाजले. हिने दोनदा डोकावून पाहिले. तिसऱ्यांदा आली ती दिवा न घालवता शेजारी बसली.

“किती राहिले?” तिने विचारले.