आजार अंगावर काढणं म्हणजे त्याग नव्हे



मागच्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत मी दोन तास उभी होते. मग डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि थोड्या वेळाने कंबरेपासून अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायला लागलं. मी रांग सोडली आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसले. सोबतचा एक कार्यकर्ता, माझ्याहून वयाने लहान, हसत म्हणाला, "ताई, बाबासाहेबांसाठी एवढंही सहन होत नाही का?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. गर्दी ओसरल्यावर त्यानेच मला हात धरून आत नेलं. पण त्याच्या वाक्यामागे जो विचार आहे तो आपल्या चळवळीत फार खोल रुजलेला आहे. जो जास्त सोसतो तो जास्त निष्ठावान, हा तो विचार. हा लेख त्याच्या विरोधात आहे.

आधी आजार काय आहे ते सांगते. माझ्या कंबरेचा शेवटचा, म्हणजे पाचवा मणका त्याच्या खालच्या हाडावरून पुढे सरकला आहे. डॉक्टरी भाषेत याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. किती सरकला त्यावरून ग्रेड ठरते. पाव भागापर्यंत सरकला तर पहिली, पाव ते अर्धा सरकला तर दुसरी. माझी दुसरी आहे. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, तो तुटला की मणक्याला मागून धरून ठेवणारं काही उरत नाही. अशी चीर बहुतेक वेळा लहानपणी किंवा किशोरवयात पडते आणि कळते कित्येक वर्षांनी. मी सातवीत असल्यापासून हापशावरून डोक्यावर पाण्याचे हंडे आणायचे. त्यानेच चीर पडली का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. कधीही हंडा न उचललेल्या मुलींनाही हे होतं." म्हणून माझा मणका जातिव्यवस्थेने सरकवला, असा दावा मी करणार नाही. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो.

पण दुसरी एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकते. माझ्या दुखण्याला नाव मिळालं, माझ्या आईच्या दुखण्याला मिळालं नाही.

माझी आई परभणी जिल्ह्यातल्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला जायची. पुढे शहरात आल्यावर तिने बांधकामावर घमेली वाहिली. ऊसतोडीत कोयता चालवणं हे अर्धंच काम असतं. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढवायची, हे उरलेलं अर्धं. चाळिशीतच आई वाकून चालायला लागली. "कंबर गेली" एवढंच सगळे म्हणायचे. पाऊस गेला, पीक गेलं, तशी कंबर गेली. तिचा एक्स-रे कधी निघाला नाही. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या खायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायची. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, मला एमआरआय हा शब्द माहीत होता, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायची हिंमत होती, म्हणून माझा आजार कागदावर आला.

अभ्यासक्रमात आम्हाला टॅलकॉट पार्सन्स होता. १९५१ साली त्याने 'आजारी माणसाची भूमिका' ही कल्पना मांडली. माणूस आजारी पडला की समाज त्याला रोजच्या जबाबदारीतून सूट देतो आणि त्याबदल्यात त्याने उपचार घेऊन बरं होण्याचा प्रयत्न करावा, असं तो म्हणतो. परीक्षेत मी हे उत्तर लिहून चांगले गुण मिळवले. आज प्रश्न पडतो की ही सूट नेमकी कुणाला मिळते? मुकादमाची उचल घेतलेल्या बाईला मिळत नाही. एक दिवस बसली तर खाडा लागतो. म्हणजे आजारी पडता येणं हीसुद्धा आपल्या देशात सवलत आहे, आणि ती बहुतांशी जात-वर्ग पाहूनच मिळते.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कामगाराला इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावू नये, असं कलम होतं. पण तो कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच होता. उसाच्या फडात आणि वीटभट्टीवर बाईच्या डोक्यावर किती किलो आहेत, हे कोण मोजतं? त्याच वर्षी राज्य कर्मचारी विमा कायदाही आला. त्याची पायाभरणी बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते त्या काळात, १९४२ ते १९४६ दरम्यान झाली. अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ सालचा. या कायद्यात उपचार तर होतेच, पण आजारपणात बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात रोख रक्कमही होती. ही कल्पना किती मोठी आहे बघा! माणूस आजारी पडला तर त्याचं घर उपाशी राहू नये, ही जबाबदारी व्यवस्थेची. माझी आई या कायद्याच्या बाहेर राहिली आणि प्रकल्पावर मानधन घेणारी मीही बाहेरच राहिले.

आता चळवळीकडे येते. कुणी म्हणेल, बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे, शेवटच्या वर्षांत काठी आणि कुणाचा तरी आधार घेतल्याशिवाय चालता येत नव्हतं, तरी ते रात्र रात्र लिहीत बसायचे. मग तुम्हाला एक मणका का जड जातो? हा युक्तिवाद मी भाषणांमध्ये अनेकदा ऐकला आहे. टाळ्याही पडतात. पण पुढची तारीखही लक्षात घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. वय फक्त ६५. दीक्षेनंतर समाजाला त्यांची सर्वांत जास्त गरज होती, तेव्हाच ते आपल्यात नव्हते. त्यांच्या वेदनेचा आपण आदर्श करतो, पण ती वेदना समाजाला किती महाग पडली याचा हिशोब करत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीच्या धोक्याबद्दल बजावलं होतं. आजारी शरीर रांगेत उभं करून निष्ठा मोजणं हीसुद्धा भक्तीच आहे.

सावित्रीमाईंचं उदाहरणही असंच अर्धं सांगितलं जातं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. आपण पाठीवर घेतलं एवढंच लक्षात ठेवतो. पण ज्या दवाखान्यात नेलं तो दवाखाना त्यांनी आणि डॉक्टर असलेल्या यशवंतने उभा केला होता, हे विसरतो. एकट्याची पाठ किती जणांना पुरणार? म्हणून दवाखाना लागतो.

आणि स्वतः तथागत काय करत होते? कपिलवस्तूत शाक्यांनी नवं सभागृह बांधलं तेव्हा बुद्धांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला. मग आपली पाठ दुखत असल्याचं सांगून पुढचा उपदेश आनंदांवर सोपवला आणि चीवराची घडी अंथरून ते आडवे झाले. पावा नगरीत मल्लांच्या सभागृहातही असंच घडलं, तिथे त्यांनी सारिपुत्तांना पुढे केलं. दोन्ही प्रसंग त्रिपिटकात आहेत. ही पाठदुखी लपवावी असं संग्रह करणाऱ्यांना वाटलं नाही. यात दोन गोष्टी आहेत. एक, शरीर दुखतंय हे भर सभेत सांगण्यात कमीपणा नाही. दुसरी, आपण आडवं झाल्यावर बोलू शकेल असा आनंद, असा सारिपुत्त तयार असला पाहिजे. आपल्या संघटनांमध्ये एक माणूस आडवा झाला की शाखा आडवी होते. तो त्या माणसाचा मोठेपणा नाही, संघटनेचं अपयश आहे.

नातेवाइकांपैकी काहींनी मला "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" असंही ऐकवलं. घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण डोक्यातून कर्मविपाक गेलेला नाही. सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारलं तेव्हा बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतू, इजा अशी दुःखाची कारणं सांगितली आणि सगळंच पूर्वकर्माचं फळ मानणाऱ्यांना चूक ठरवलं. बाबासाहेबांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांवरच्या अन्यायाची जबाबदारी झटकण्यासाठी कसा वापरला जातो, हे उघड केलं. माझ्या मणक्याला कारण आहे आणि उपायही आहे.

त्या उपायाविषयी स्पष्ट लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात हे दुखणं असणारच. पहिल्यांदा एका खासगी दवाखान्यात मला आठवड्याच्या आत ऑपरेशन करा असं सांगितलं आणि काही लाखांचा आकडा दिला. मी घाबरले, पण सही केली नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घेतलं. तिथे सांगितलं की अशा बऱ्याच रुग्णांना ऑपरेशन लागतच नाही. आधी पोट-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर नियंत्रण, ठरावीक काळ औषधं. मी आठ महिने फिजिओथेरपी केली. दुखणं कमी झालं, पण आता डाव्या पायाचा अंगठा वर उचलताना जोर लागत नाही. दबलेली शीर कमजोर होते आहे, म्हणून आता ऑपरेशनचा सल्ला आहे आणि तो मला पटला आहे. यात सरकलेला मणका आणि खालचं हाड स्क्रू आणि सळ्यांनी पक्कं करतात, मधली गादी काढून तिथे आधार आणि हाडाचे तुकडे बसवतात. स्क्रू फक्त धरून ठेवतात. हाड शरीरच जुळवतं आणि त्याला काही महिने लागतात. त्या काळात वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तंबाखूमुळे हाड जुळायला अडथळा येतो, हे आपल्या वस्त्यांमध्ये मुद्दाम सांगायला हवं. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, दोन पायांमधला भाग बधिर झाला, किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर एक दिवसही थांबू नका, त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा.

मला भीती वाटते का? वाटते. "मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा होतो" हे वाक्य मी वस्तीत शंभरदा ऐकलं आहे. धोका शून्य नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं. पण पायाची ताकद जात असताना वाट बघण्यातही धोका आहे. दोन्ही धोके समोर ठेवून मी हो म्हटलं आहे.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. ती असावीच, तिचा लाभ घ्यावाच. पण माझे आठ महिन्यांचे व्यायाम, जाण्या-येण्याचं भाडं आणि नंतर घरी बसल्यावर बुडणारं मानधन यात कुठे बसतं? हाताशी पैसा नसलेला माणूस फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडतो आणि थेट ऑपरेशनलाच पोहोचतो. म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट असणं आणि असंघटित कामगाराला आजारपणात रोख भत्ता मिळणं, या आपल्या मागण्या झाल्या पाहिजेत. मोर्चाच्या निवेदनात शिष्यवृत्ती आणि अॅट्रॉसिटीसोबत हे मुद्देही यावेत.

काही कामं सरकारकडे न मागताही करता येतात. विहारात वंदनेला भिंतीजवळ दहा खुर्च्या ठेवा आणि त्यावर बसणाऱ्याकडे रोखून बघू नका. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा कार्यकर्त्यांच्या आजारपणासाठी बाजूला काढा. डीजेचा एक बॉक्स कमी लागला तर बाबासाहेबांची जयंती लहान होत नाही. प्रत्येक जबाबदारीला दुसरा माणूस तयार ठेवा. आणि आपल्या आयांना एकदा तरी तपासायला न्या. "कंबर गेली" हे निदान नाही.

ऑपरेशनचं ठरल्यावर मी आईला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "करून घे माय. मह्यासारखी वाकू नको." पुढच्या महिन्यात मी भरती होते आहे. अभ्यासिकेच्या किल्ल्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची फाईल मी दोन मुलींकडे दिली आहे. आईला मात्र त्याआधी, येत्या सोमवारी एक्स-रेला नेणार आहे. सत्तावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा.

जयभीम! नमो बुद्धाय!