दार उघडताना डावा हात



आमच्या बेळगावात माझ्या वयाचा माणूस सायकलवर दिसला की लोक विचारतात, "स्कूटर विकली काय?" विकलेली नाही. पण कॅम्पातून टिळकवाडीपर्यंत मी आजही सायकलनेच जातो.

गेल्या महिन्यात रविवारी उपासनेला निघालो होतो. चर्चच्या फाटकाजवळ उभ्या मोटारीचे दार एकदम उघडले, मी त्यावर आदळलो आणि डावे मनगट मोडले. दार उघडणारे आमच्याच मंडळीतले. बिचाऱ्यांनी स्वतः मला दवाखान्यात नेले, त्यांच्यावर राग नाही. पण मागून बस आली असती तर हे पत्र लिहायला मी नसतो.

सायकलींसाठी वेगळी वाट हवी, हे महापालिकेकडे मागत राहूच. (अशी वाट झाली तरी तिच्यावर मोटारी लावणारे आपणच!) दाराचे काम मात्र आजच होण्यासारखे आहे. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. तसे करताना अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही जुनी सवय आहे. ब्रिटनने २०२२ साली ती हायवे कोडमध्ये घातली. खर्च शून्य.

सायकलवाल्यांनीही उभ्या मोटारींपासून पूर्ण दाराएवढे अंतर राखावे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

पाळकसाहेबांना विनंती, रविवारच्या सूचनांत एवढे सांगावे, आणि फाटकासमोर गाड्या लावणे बंद करावे. प्लास्टर निघाले की मी सायकलनेच येणार आहे.

– एक सायकलस्वार, कॅम्प, बेळगाव