फोन आता आपल्या विजेवर

ठाणे आणि डोंबिवली ही लोकलने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावरची शहरे. पण टेलिफोनच्या हिशेबात ती कायम दोन निराळ्या मुलखांत राहिली. ठाण्याला मुंबईचा ०२२ आणि एमटीएनएल. कल्याण-डोंबिवलीला ०२५१, आधी सरकारी दूरसंचार खाते आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल. आता मात्र दोन्हीकडे एकच निरोप कानी पडतो : ‘काका, तांब्याची लाइन वारंवार बिघडणार, फायबर घेऊन टाका.’ काका सही करतात, भिंतीवर एक पेटी बसते, तिचे दिवे लुकलुकू लागतात. जुना फोन त्या पेटीला जोडला जातो आणि आवाजही पूर्वीपेक्षा स्वच्छ येतो. सगळे ठीक झाले असे वाटते.

असाच मोठा बदल आपण पूर्वी एकदा पाहिला आहे. फोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचे ते दिवस होते. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या काळात खटखटणारी यांत्रिक एक्स्चेंजे जाऊन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे आली. त्या वेळी आपल्याला घरी काय करावे लागले? फार तर तबकडीचा फोन माळ्यावर टाकून बटणांचा आणला. बदल झाला तो एक्स्चेंजच्या इमारतीत. आताचा बदल आपल्या दिवाणखान्यात होतो आहे, आणि म्हणून त्याची तयारीही आपल्यालाच करायची आहे.

तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नसे, वीजही येत असे. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात. त्यांतून सुमारे ४८ व्होल्टचा दाब तारेवाटे थेट आपल्या फोनपर्यंत पोहोचतो. म्हणून घरातले दिवे गेले तरी साधा तारेचा फोन चालू राही. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. घरातली वीज गेली की पेटी बंद आणि पेटी बंद की फोन मुका. इतकी साधी ही गोष्ट, पण सही घेताना ती सांगितली जातेच असे नाही.

वीज जाणे हा काही आपल्याकडे अपवाद नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २६ जुलै २००५ च्या प्रलयात तर वीजही गेली आणि मोबाइलनेही अनेकांना दगा दिला. नेमक्या अशाच वेळी माणसाला दुसऱ्या माणसाचा आवाज हवा असतो.

आमच्या इमारतीत एक आजी एकट्या राहतात. गेल्या पावसाळ्यात चार-पाच तास वीज नव्हती. पुण्याची लेक सारखा फोन लावत होती आणि इकडे घंटाच वाजत नव्हती. मोबाइल उशाशी होता, पण चार्ज केलेला नव्हता. शेवटी लेकीने शेजाऱ्यांना वर पाठवले. आजी खुशाल होत्या. त्या पडल्या असत्या तर?

मी बँकेत असताना खतावण्या जाऊन संगणक आले. तेव्हा काही काळ दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालत, आणि ताळा जमल्यावरच खतावणी मिटे. घरातही हाच शिरस्ता ठेवावा. सही करण्यापूर्वी तोच क्रमांक राहील का, हे लेखी विचारावे. पेटीसाठी छोटा बॅटरी-बॅकअप मिळतो. तो घेताना पेटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवावेत. इन्व्हर्टर असेल तर पेटीचा प्लग त्याच्याच जोडणीवर आहे ना, ते पाहावे. इमारतीत खाली कंपनीचा डबा असेल तर त्यालाही वीज लागते का, हे विचारावे. कॉर्डलेसच्या बैठकीलाही वीज लागते, तेव्हा एक साधा तारेचा फोन ठेवावा. आतल्या खोलीतला जोडफोन, लिफ्टमधला फोन, धोक्याची घंटा, जुना तबकडीचा फोन हे नव्या पेटीवर चालतीलच असे नाही. मग एके दिवशी मेन स्विच बंद करून शेजारून फोन लावून बघावा. घंटा किती वेळ वाजत राहते, ते घड्याळ लावून मोजावे.

पण सगळा भार घरावर टाकणे बरे नव्हे. ब्रिटनमध्ये जुने जाळे बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेली. घरातल्या मदतीच्या घंटेवर अवलंबून असलेल्या वृद्ध, आजारी माणसांचा जीव धोक्यात येतो, हे तिथे ध्यानात आले. आपल्याकडे हा बदल गाजावाजा न होता, एकेका घरात होतो आहे. ज्या घरी सत्तरीपुढचे माणूस एकटे आहे, तिथे बॅकअपसकट पेटी बसवावी आणि वीज गेल्यावर काय होते हे मराठीत समजावून सांगावे, हा नियमच हवा. तो येईपर्यंत गृहनिर्माण सोसायट्यांनी अशा घरांची यादी करावी, आणि वीज गेली की कोणीतरी जिना चढून दार वाजवावे.