शिवराईचा भाव

मी रत्नागिरीत जुनी नाणी जमवतो. ओळखीची मुलं मोबाइलवर फोटो पाठवतात, ‘काका, ही शिवराई पाच हजारांना मिळतेय, घेऊ का?’ मी आधी मागची बाजू पाहतो. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असल्या, तर ती दुदांडी, म्हणजे शिवाजी महाराजांनंतरची, पेशवाईच्या काळातली. शिवराई हे तांब्याचं नाणं एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडलं जात होतं, त्यामुळे साधी शिवराई आजही मुबलक मिळते. तिला राज्याभिषेकाच्या वर्षाची किंमत लावणं ही मला सरळ फसवणूक वाटते.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज आधी सोडला पाहिजे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठेव्यात सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपली छाप मारली होती. रोमन सम्राट टायबेरियसचा चांदीचा दिनारही तसा भरपूर मिळतो. बायबलमधल्या कराच्या गोष्टीमुळे मागणी वाढली, म्हणून तो महाग.

ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीतल्या प्राचीन नाण्याला छाप आणि पृष्ठभागाचे पाचपैकी गुण वेगळे दिलेले असतात. तेही वाचा, पण डोळ्यांनी चेहरा पाहा: तो मधोमध आहे की कडेला कापला गेलाय? मग तशाच नाण्याला अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष किती मिळाले ते शोधा, कमिशन धरून. दुकानदाराने मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. आणि पक्की पावती घ्याच. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर विकता येत नाही.